कोल्हापूर जिल्ह्यातली नोंद न झालेली जनावरं (पुरावा मागू नये)

गंगावेशकर

मंडळी, रामराम. दाजीपूरच्या गव्यावर लिहिणारे ढीगभर आहेत, शेकरूचे फोटो टाकणारे त्याहून जास्त, पण आपल्या गल्लीत, उसात, पायताणात आणि ताटात जी जनावरं राहतात त्यांची नोंद कोण घेणार? म्हणून हा धागा. नियम एकच आहे, जनावर नसलं तरी चालतंय, पण त्याचं वागणं पटलं पाहिजे. उगं तीन डोकी आणि तोंडातनं जाळ असलं काय टाकू नका, त्याला आपल्याकडं कोण विचारत नाही.

पहिला मान कटमाशाचा. हा राहतो मिसळीच्या कटात, वरच्या तेलाच्या थराखाली. अंगठ्याच्या नखाएवढा, रंग कटाचाच त्यामुळं दिसत नाही, आणि दिसलाच तर तो कटमासा नव्हे, लसणाची पाकळी. ब्रेडची स्लाइस बुडवली की हा तळाला जातो आणि मटकीच्या आड दबा धरून बसतो. म्हणून बघा, पहिले घास सोपे जातात आणि वाटी संपत आली की ठसका लागतो, तो ठसका म्हणजे कटमाशानं शेपटी मारलेली असते. लिंबू पिळलं की क्षणभर वर येतो, तेवढ्यात ज्यानं बघितला त्यानं बघितला. विणीचा हंगाम रविवार सकाळ. ‘कट आण रे जरा’ अशी हाक गेली की पातेल्यातनं वाटीत स्थलांतर सुरू. पुण्याच्या पाव्हण्यांना हा कधीच दिसत नाही कारण दिसायच्या वेळेला त्यांच्या डोळ्यांना धारा लागलेल्या असतात आणि ते वेटरला पाव आहे का म्हणून विचारत असतात.

दुसरा करकऱ्या. कोल्हापुरी पायताणातला किडा. उजव्या पायात नर, डाव्या पायात मादी, तो एका पावलाला बोलतो आणि ती पुढच्या पावलाला उत्तर देते. लग्नाच्या मांडवात जोरात, सासुरवाडीच्या दारात आणखी जोरात, पण ज्या दुकानात उधारी थकलेली असते त्याच्यासमोरनं जाताना एकदम गप. पावसाळ्यात माळ्यावर झोपून असतो. देवळाबाहेरनं जोड चोरीला गेला तर करकऱ्या नव्या मालकासाठी तोंड उघडत नाही, तेव्हा पायात कोरं करकरीत पायताण आणि आवाज मात्र नाही असा माणूस दिसला तर जरा नीट बघून घ्या, जोड तुमचाच असेल.

तिसरा पक्षी आहे, फूटमोज्या. जून ते सप्टेंबर, मुक्काम पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. बाकीचे पक्षी किलबिल करतात, हा आकडे सांगतो. ‘सदतीस फूट चार इंच’, मग थोडा दम खाऊन ‘सदतीस सहा’. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे त्याला अंड्यातनं बाहेर यायच्या आधीच पाठ असतं. राधानगरी धरणाचं कितव्या नंबरचं दार उघडलं हेही तोच सांगतो. खाद्य फक्त फॉरवर्ड. एका घरट्यातनं दुसऱ्या घरट्यात आकडा जाईपर्यंत त्याला दोन फूट आणखी फुटलेले असतात. आणि सगळ्यात लवकर ओरडतात ते दुबईला गेलेले फूटमोजे, इथं माणूस खिडकीतनं हात बाहेर काढून पाऊस हाय का बघतोय तवर तिकडनं मेसेज, ‘पाणी वाढायलंय, सामान वर घ्या’.

चला, आता तुमची काढा.

तिकटीचा_बंड्या

नाद खुळा भावा 😂 कटमासा तर मी रोज खातो, मला वाटायचं ॲसिडिटी हाय.

पण करकऱ्यावर एक आक्षेप. आमच्या शेजारी पायताण बनवणाऱ्यांचं घर हाय, लहानपण त्यांच्याच ओट्यावर गेलं. तो आवाज किड्याचा नसतोय, तळाच्या दोन थरांच्या मधी बिया घालत्यात आणि वरनं शिवत्यात, चाललं की बिया दाबतात आणि चामडं बोलतंय. शिवण सगळी चामड्याच्याच वादीनं, त्यात खिळा नसतो.

गंगावेशकर

@तिकटीचा_बंड्या बिया नव्हत त्या, अंडी.

तिकटीचा_बंड्या

विषय संपला 🙏

रंकाळ्याची_रुक्मी

मी आपली कोपऱ्यात बसून वाचत होतो पण उसातल्या जनावराचं नाव कुणीच घेईना म्हणून आलो.

त्याला नावच नाही. आमच्या गावाकडं नुसतं ‘उसातलं ते’ म्हणतात. लाईट रात्रीची, म्हणून मोटर चालू करायला गेलेल्या माणसालाच ते दिसतं, कायम पाठमोरं, आणि कायम आत शिरताना, बाहेर येताना अजून एकालाही दिसलेलं नाही. ह्याची खरी गंमत वाढीत आहे. बांधावर असताना ते कुत्र्याएवढं असतं. माणूस धावत वस्तीवर येईपर्यंत वासराएवढं होतं. सकाळी चहाच्या टपरीवर त्याला पट्टे येतात. दुपारी तालुक्याला पोचतं तेव्हा मागं दोन पिल्लं असतात. म्हणजे जगातलं हे एकमेव जनावर जे उसात शिरल्यावर वाढत नाही, उसापासनं जेवढं लांब जाल तेवढं वाढतं.

त्याचा साक्षीदार पण ठरलेला, ‘आमच्या मेव्हण्याच्या चुलत्यानं बघितलंय’. मी एकदा चुलत्यापर्यंत पोचलो. चुलते म्हणाले मी कुठं बघितलो, मला मेव्हण्यानं सांगितलं.

हिरवा_पाचोळा

धागा मजेशीर आहे, पण रुक्मीताईंच्या पट्ट्यांवरून राहवेना. बिबट्याला पट्टे नसतात, ठिपक्यांची फुलं असतात. आणि उसात बिबट्या राहत नाही असंही नाही, जुन्नरकडं तर उसातच त्याच्या पिढ्या वाढतात. पण आपल्याकडं फोन येतो तेव्हा निम्म्या वेळेला तरस, रानमांजर, नाहीतर गल्लीतलंच थोराड कुत्रं निघतं. सोपी खूण सांगतो, चिखलात ठसा मिळाला तर पुढं नखांच्या टोकांच्या खुणा आहेत का बघा. कुत्र्याची नखं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळं त्याचा ठसा नखाशिवाय आणि गोलसर येतो.

आता मूळ लेखकानं नियम घातलाय की जनावर खोटं आणि वागणं खरं. आपल्याकडं याच्या बरोब्बर उलटा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय, जनावर खरं आणि वागणं खोटं. धामण गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते. अहो तिला ओठ नाहीत, चोखणार कशी, आणि तोंडात आत वळलेल्या बारीक दातांची रांग, गाय उभी तरी राहील का? सापाला दूध पचतच नाही, नागपंचमीला तहानेनं कासावीस केलेला साप समोर जे ओलं येईल त्याला तोंड लावतो एवढंच. मांडूळ दुतोंड्या आहे, सहा महिने इकडनं चालतं आणि सहा महिने तिकडनं. त्याची शेपटी बोथट असते, शत्रूला डोकं कुठलं ते कळू नये म्हणून, बाकी तोंड एकच. पण गुप्तधन दाखवतं, पैशाचा पाऊस पाडतं, असल्या वावड्यांपायी तो गरीब बिनविषारी प्राणी पोत्यात घालून विकला जातो आणि विकणारे, घेणारे दोघंही १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकतात. कटमाशापायी अजून कोणी आत गेल्याचं ऐकलं नाही, म्हणून माझं मत कटमाशाला.

तिकटीचा_बंड्या

सर तुम्ही हसता हसता एकदम तास घेतला की ओ. पण मांडळाचं माहीत नव्हतं. आमच्या एका दोस्ताला ‘पार्टी तयार हाय, माल दाखव’ असा फोन आलता, ते हेच.

हिरवा_पाचोळा

दोस्ताला म्हणावं पार्टीचा नंबर थेट वनखात्याला दे, १९२६ ला फोन लागतो.

चिखलीकर

फूटमोज्या वाचून हसलो आणि घरात वाचून पण दाखवला. आमचं गाव प्रयाग चिखली, पाच नद्यांचं पाणी एकत्र येतंय तिथलं, त्यामुळं या पक्ष्याबद्दल आम्हाला विचारा. तुमचा शहरातला फूटमोज्या आकडे बोलतो, आमचा बोलत नाही. आमचा म्हणतो ‘मळीचा रस्ता गेला’, मग ‘पारावरची खालची पायरी’, मग ‘वरची पायरी’, आणि त्याच्यानंतर तो बोलायचं बंद करतो आणि दावी सोडायला लागतो. आमच्याकडं फूट इंच कोण बघत बसत नाही, म्हस खुंट्याला उलटी फिरून उभी राहिली की पाणी आलं. २०१९ ला शहरातला फूटमोज्या पंचावन्नच्या वर ओरडत होता, पुणे-बेंगलोर रस्ता बंद, आणि आमच्याकडं मोबाईलला चार्जिंगच नव्हतं तर आकडा ऐकणार कुठनं.

तेव्हा एक नवीन जात दिसली ती पण नोंदवून घ्या. पाणी उतरल्यावर येते. पांढरे कपडे, पायात बूट, चिखलाला न शिवता चालते, हात हलवते आणि फोटो निघाला की उडून जाते. अंडी घालत नाही, फक्त आश्वासनं घालते.

गंगावेशकर

@चिखलीकर 🙏🙏 नोंद घेतली. ही जात बारमाही आहे ओ, फक्त पावसाळ्यात रंग उठून दिसतो.

पन्हाळ्याचा_वारा

आता माझं ऐका. पन्हाळ्याच्या उतारावर ‘तिरका’ नावाचं जनावर आहे. शेळीपेक्षा थोडं मोठं, केस राठ, आणि डाव्या बाजूचे दोन्ही पाय आखूड. त्यामुळं तो डोंगराला डावी बाजू लावून एकाच दिशेनं फिरू शकतो, कायम घड्याळाच्या काट्याच्या उलट. सपाटीला आला की गोल गोल फिरतो आणि चक्कर येऊन पडतो, म्हणून कोल्हापुरात उतरत नाही. काही तिरक्यांचे उजवे पाय आखूड असतात, ते उलटे फिरतात. दोन्ही जातींची वर्षातनं एकदा समोरासमोर गाठ पडते, तिथंच स्थळ बघणं, तिथंच पसंती. पसंत नाही पडलं तरी मागं वळायची सोय नाही, वळला की कोलमडला, त्यामुळं तिरक्यांच्यात ठरलेलं लग्न मोडत नाही. त्यांचं पोर चारी पाय आखूड घेऊन जन्मतं आणि थेट तीन दरवाजाजवळ भाजलेली कणसं विकायला बसतं.

सांगावचा_सातासमुद्रापार

थांबा थांबा थांबा. मी सध्या स्कॉटलंडमध्ये असतो आणि हे सरळ सरळ उचललेलं आहे 😄 इथं हॅगिस म्हणून पदार्थ आहे, मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे ओटच्या पिठात मिसळून शिजवतात, आपल्या वजरीच्या जवळचा म्हणा. पर्यटकांना हे लोक गंभीर चेहऱ्यानं सांगतात की हॅगिस हा डोंगरात राहणारा प्राणी आहे, एका बाजूचे पाय आखूड, म्हणून डोंगराभोवती एकाच दिशेनं पळतो. डावा-उजवा प्रकारसुद्धा आहे. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह म्युझियममध्ये त्याचा नमुना काचेत ठेवलाय, खाली रीतसर शास्त्रीय नाव लिहून. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरात ह्यालाच दाहू म्हणतात. त्याला पकडायचा उपाय म्हणजे मागनं जाऊन जोरात हाक मारायची, तो वळून बघतो आणि घरंगळतो, खाली एकजण पोतं धरून उभा. नवीन पाव्हण्याला थंडीत रात्रभर पोतं धरून उभा करतात आणि हाक मारणारे घरी जाऊन जेवून झोपतात.

पन्हाळ्याचा_वारा

उचललंय ते त्यांनी. आपल्याकडं डोंगर आधी होता.

सांगावचा_सातासमुद्रापार

डोंगर त्यांच्याकडं पण आधीचाच आहे रे 😂

पन्हाळ्याचा_वारा

असंल, पण तटबंदी? तिरका तटाच्या बाहेरनं फिरतो, आत जायला दरवाजाच सापडत नाही कारण दरवाजे सगळे उजव्या हाताला येतात. हा तपशील हॅगिसमध्ये आहे का? नाही. मग विषय कट.

डॉक्टर_कडूकाढा

दवाखाना बंद करून आलोय, दोन गोष्टी सांगतो.

एक, जर्मनीत वैद्यकीय शब्दांचा एक फार नावाजलेला कोश आहे, त्यात १९८३ साली ‘दगडातली ऊ’ म्हणून एक नोंद घातली. दगड खाणारा सूक्ष्म जीव, मूतखड्याच्या उपचारात उपयोगी. मूळ तिथल्या एका टीव्हीवरच्या विनोदवीराची थट्टा, पण संपादकांनी शास्त्रीय नावासकट, गंभीर भाषेत छापली. पुढं एका आवृत्तीत काढून टाकली तर वाचकांनी एवढी बोंब मारली की परत घालावी लागली. तेव्हा माझी नोंद खडीखाऊ. आपल्या रस्त्यांवर सापडतो. पहिल्या पावसाच्या आदल्या रात्री अंड्यातून बाहेर येतो, डांबर चाटून बाजूला ठेवतो आणि फक्त खडी खातो. गणपतीच्या आधी त्याला मुरुमाचा नैवेद्य दाखवतात, तो दोन दिवस तृप्त असतो. माझ्याकडं कंबर धरून येणाऱ्या पेशंटची संख्या त्याच्या कृपेवर आहे म्हणून मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

दोन, शिंगं असलेला ससा. अमेरिकेत वायोमिंग राज्यात डग्लस नावाचं गाव आहे, तिथल्या दोघा भावांनी १९३० च्या दशकात सशाच्या मुंडक्यावर हरणाची शिंगं बसवून भिंतीवर लावायला विकली आणि त्या प्राण्याचं नाव जगभर झालं. पण शिंगंवाल्या सशाची चित्रं युरोपातल्या पुस्तकांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. का? तर सशांना एक विषाणू होतो, त्यानं तोंडाभोवती, डोक्यावर काळ्या कडक गाठी वाढतात, लांबून शिंगंच वाटतात. रिचर्ड शोप नावाच्या संशोधकानं १९३३ मध्ये तो विषाणू शोधला. त्याच गाठींचा पुढं कॅन्सर होतो हे दिसल्यावर विषाणूमुळं कॅन्सर होऊ शकतो ह्या अभ्यासाला मोठी चालना मिळाली, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी लस आज मुलींना देतात त्या विषाणूच्याच भावकीतला हा. पाचोळा सर, तुमच्या दोन प्रकारांत हा तिसरा घाला, जनावर खरं, वागणं खरं आणि आजार बघून लोकांनी रचलेली गोष्ट खोटी.

रंकाळ्याची_रुक्मी

डॉक्टर, खडीखाऊची मादी आमच्या कॉलनीत असत्या. ती फक्त नवीन रस्ता खात्या, जुन्याला तोंड लावत नाही.

आबा_शिरोळ

पोरांनो चांगलं चाललंय. नातवानं फोनवर मोठं अक्षर करून दिलं म्हणून वाचलं, बोलून टाइप होतंय, चुकलं तर समजून घ्या.

आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणात ‘धग्या’ राहायचा. आमच्या आज्यानं बघितलेला. काहिलीत रस उकळत असताना, भेंडीचं पाणी टाकून वरची मळी काढत असताना पोरं हमखास काहिलीच्या कडंला येऊन उभी राहायची, गरम काकवी मिळंल म्हणून. गुळव्याचं लक्ष रसाच्या ताराकडं, जळव्याचं लक्ष चुलवाणाच्या तोंडाकडं, पोरांकडं बघायला कोण मोकळा? मग आज्यानं सांगून ठेवलेलं, धग्या चुलवाणात बसलेला असतोय, त्याचं हात लांब हाईत, काहिलीच्या कडंला पायाचा अंगठा दिसला की तेवढाच धरतोय. सगळं अंग नाही, नुस्ता अंगठा. आम्ही पोरं दहा हात लांब, चिपाडाच्या ढिगावर अंगठे दुमडून बसायचो. काकवी आली की आज्या स्वतः वाटीत आणून द्यायचा.

तसंच विहिरीला आसरा होत्या, परड्यात बागुलबुवा होता, आंब्याच्या झाडावर दुपारी बाराला काय ना काय असायचंच. मला आता वाटतंय ही सगळी जनावरं पगारी होती, आईबापाला कामाला जायचं असायचं, पोरं राखायला दुसरं कोण. पण धग्याचा अंगठा मात्र आज्यानं कुठनं काढला ते देव जाणे. मला आजबी काहिलीजवळ गेलं की अंगठा आत ओढावासा वाटतोय. नातवाला सांगितलं तर तो म्हणतोय सेफ्टी शूज घाला.

गंगावेशकर

आबा 🙏 धाग्याचं सोनं झालं. धग्याला पहिला नंबर, कटमासा दुसरा.

हिरवा_पाचोळा

आबा, नुसता अंगठा धरणारं जनावर! ह्याच्यापुढं आमची सगळी शास्त्रं पाणी भरतात.

शाळा_सुटली_पाटी_फुटली

मी इतिहासाचा मास्तर, निवृत्त. तुम्ही खोटी जनावरं शोधताय, मी तुम्हाला आपल्याच गावातली खरी सांगतो आणि ती जास्त खोटी वाटतील, बघा.

कोल्हापूरच्या दरबारात शिकारीसाठी चित्ते पाळलेले होते. बिबटे नव्हे, चित्ते. आपल्याकडचे मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतनं आणलेले. त्यांना शिकवणारी, सांभाळणारी चित्तेवान मंडळी होती. डोळ्यावर पट्टी बांधलेला चित्ता गाडीवर बसवून माळावर न्यायचे, काळवीट दिसलं की पट्टी काढायची. देशातनं चित्ता संपला असं सरकारनं १९५२ मध्ये जाहीर केलं, आणि आता पुन्हा आफ्रिकेतनंच विमानानं आणलेत. आज कुणी धाग्यावर लिहिलं असतं की गावात एक जनावर होतं, ते डोळ्याला फडकं बांधून गाडीतनं फिरायला जायचं, तर तुम्ही म्हणाला असता थापा मारू नका.

साठमारीचं तसंच. मस्तीला आलेला हत्ती रिंगणात आणि त्याला चकवणारी माणसं पायी. ती जागा अजून गावात आहे, आता तिथनं लोक स्कुटरवरनं भाजी घेऊन जातात. न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये भुसा भरलेली जनावरं आहेत, तिथं मुलांची सहल नेली की एक तरी पोरगं विचारायचंच, ‘सर हा जिवंत असताना पण असाच बघायचा का?’

आणि दिवाळीच्या पाडव्याला म्हशी. शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, पायात तोडे, पुढं मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल घेऊन आणि मागं म्हस चौखूर. गर्दीत दहा गाड्या ओरडत असतात, म्हस मात्र आपल्याच मालकाच्या गाडीमागं. काही तर हाक ऐकून मागच्या दोन पायांवर उभ्या राहतात. हे परदेशातल्या माणसाला सांगून बघा, हॅगिस आधी पटेल त्याला.

याच्या उलटसुद्धा घडलेलं आहे. बदकाची चोच, बीव्हरची शेपटी आणि अंडी घालणारं सस्तन असं प्लॅटिपसचं कातडं ऑस्ट्रेलियातनं लंडनला गेलं, तेव्हा १७९९ मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉ ह्यांनाच शंका होती की कुणीतरी चोच शिवून चिकटवली असावी. आपण असतो तर टाके शोधायच्या आधी विचारलं असतं, रस्सा कसा होतो.

सांगावचा_सातासमुद्रापार

मास्तर, अंडी घालतं हे तेव्हा अजून नक्की नव्हतं, त्यावर पुढं कितीतरी वर्षं वाद चालला. १८८४ मध्ये मिटला.

शाळा_सुटली_पाटी_फुटली

बरोबर आहे. वर्गात असतास तर मॉनिटर केला असता.

रंकाळ्याची_रुक्मी

मास्तर, म्हशीवरनं आठवलं. गवा शहराच्या कडंला येतो तेव्हा त्याच्यासोबत एक जनावर येतं ते कुणी लिहिलं नाही. गवा बिचारा वाट चुकून उसातनं आलेला असतो, पायात पांढरे मोजे घातलेला, नर असला तर जवळजवळ टनाचा गडी, तो आपला गप उभा असतो. आणि त्याच्याभोवती हात वर केलेला, एका हाताला चकाकणारा चौकोन असलेला ‘हातवऱ्या’ जमतो. ह्याचा कळप पाच मिनिटात हजाराचा होतो. भीती नावाचा अवयव नसतो. गव्यानं मान हलवली की मागच्या हातवऱ्याला पुढचा ढकलतो आणि पुढच्याला मागचा. वनखात्याचे लोक गव्याला कमी आणि हातवऱ्यालाच जास्त हुसकावत असतात.

हिरवा_पाचोळा

रुक्मीताई, हे विनोदात जाऊ नये इतकं खरं आहे. गवा घाबरला की समोर जे येईल ते घेऊन पळतो. जागा मोकळी ठेवली तर तो रात्रीत आला तसा निघून जातो.

तिकटीचा_बंड्या

मी पण एकदा हातवऱ्या झालतो, व्हिडिओत नुसत्या दुसऱ्या हातवऱ्यांची टकुरी आली.

आता माझं एक घ्या, लई वेळ दाबून ठेवलंय. ‘आलोच-पक्षी’. फोन केला की एकच आवाज काढतो, ‘आलोच, तिकटीवर हाय’. तिकटीवर कधीच नसतो. घरात, टॉवेल गुंडाळून, दात घासत असतो. ह्याचं घरटं आणि आवाज ह्याच्यात कायम चार किलोमीटरचं अंतर असतं. फुटबॉलच्या मॅचला मात्र पेठेचा संघ असला की हाच पक्षी एक तास आधी स्टेडियमच्या भिंतीवर येऊन बसलेला असतो.

गंगावेशकर

@तिकटीचा_बंड्या तू परवा मला फोनवर काय म्हणालतास रे?

तिकटीचा_बंड्या

ते जाऊ दे. मास्तरांनी रश्शाचा विषय काढलाच हाय तर @पन्हाळ्याचा_वारा तिरक्याचं मटण मिळतंय काय?

पन्हाळ्याचा_वारा

मिळतंय की, पण जून व्हायच्या आत. डाव्या पायाचं लवकर शिजतं, उजव्याला दोन शिट्ट्या जास्त. तांबडा चांगला होतो. पांढरा करू नका, वाटीत एका बाजूला गोळा होतोय आणि ताट उताराला धरून जेवायला लागतंय.

आबा_शिरोळ

आमच्यात ताट उतारालाच असतंय, जमीन सारवलेली हाय. पाठवून द्या किलोभर.